फिकट एलची कसोटी

एप्रिल-मेच्या दुपारी पुण्या-मुंबईत कुठेही बिअर मागवली की वेटर एकच गोष्ट विचारतो, "स्ट्राँग की माइल्ड?" उत्तर काहीही दिलं तरी बाटली येते ती एकदम चिल्ड, अंगावर पाण्याचे थेंब धरलेली. पहिला घोट घशाखाली उतरतो, गारवा कळतो आणि जिवाला बरं वाटतं. त्यात काही गैर नाही. पण दोन-तीन अंशांवरची बिअर जीभ बधिर करते, तिचा वास नाकापर्यंत पोहोचत नाही, आणि मग कुठल्याही कारखान्यातली फिकट बिअर दुसरीसारखीच लागते. त्याच तापलेल्या दुपारी जरा कमी गार, जरा सावकाश प्यायचा एक वेगळा पेला असतो. हे पुस्तक त्याच्याबद्दल आहे.

त्याचं नाव गोल्डन एल. मी या पुस्तकात तिला सोनेरी एल म्हणते. रंग वाळक्या गवतापासून पातळ मधापर्यंत, अल्कोहोल साधारण 3.8 ते 5 टक्के, कडवटपणा मध्यम, शेवट कोरडा, आणि वास हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुवास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा. एवढ्यात तिची ओळख संपते असं वाटतं. म्हणूनच बिअरची आवड असलेली माणसंही तिला पुष्कळदा ओलांडून पुढे जातात. कोणाला काळी कुळकुळीत स्टाउट हवी असते, कोणाला दणदणीत कडू आयपीए. सोनेरी एल ही त्यांच्या लेखी नवख्यांची बिअर, पहिली पायरी. मला हे मान्य नाही. पुस्तक लिहायला घेतलं ते याच मतभेदातून. ब्रुअरचा हात किती तयार आहे हे जितकं या फिकट बिअरमध्ये कळतं तितकं दुसऱ्या कशातच कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

स्वयंपाकघरातला दाखला द्यायचा तर साध्या वरणाचा देता येईल. मसाल्याची आमटी थोडी इकडेतिकडे झाली तरी निभावून जाते. साध्या वरणात डाळ जुनी असेल, हिंग जास्त झाला असेल, मीठ चुकलं असेल तर पहिल्या घासालाच कळतं. सोनेरी एलचंही तसंच आहे. भाजलेल्या काळ्या माल्टचा कॉफीसारखा वास नाही, कॅरमेल माल्टची गोडी नाही, हॉप्सचा भडिमार नाही. उरतं फिकट माल्ट, थोडे हॉप्स, यीस्ट आणि पाणी. या चारांपैकी एकाचंही काही बिनसलं तर ते झाकायला दुसरं काही नसतं.

ही बिअर जुनी वाटते, पण तिचं वय फार नाही. जुनं आहे ते तिचं माल्ट. बार्ली, म्हणजे आपला सातू, भिजवून मोड आणायचे आणि मोड आले की भट्टीत वाळवायचे, हे काम हजारो वर्षं चालत आलं आहे. लाकडाच्या आगीवर वाळवलेलं माल्ट बहुतेक तपकिरी आणि धुरकट व्हायचं. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये डर्बीशरकडे दगडी कोळशापासून केलेला कोक भट्टीत वापरायला लागले. कोकची आंच एकसारखी आणि बिनधुराची असल्यामुळे फिकट, स्वच्छ माल्ट हाती आलं. त्यातूनच पुढे पेल एल घडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसन यांच्या ब्रुअरीची एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या बंदरांत उतरत होती. ती पिणारे अर्थातच कंपनीचे गोरे अधिकारी आणि व्यापारी होते. तिचा इथल्या खाण्यापिण्यावर काही ठसा उमटला असं मी म्हणणार नाही. पण फिकट एल आणि आपला उन्हाळा यांची गाठ पहिल्यांदा पडली ती तेव्हा.

मग विसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ही फिकट एल कुठे गेली? पबमध्ये राज्य होतं तपकिरी बिटर आणि गडद माइल्ड या एलचं. दुसऱ्या बाजूने थंडगार टाकीत आठवडेच्या आठवडे मुरवलेली लागर येत होती. बोहेमियातल्या प्लझेन शहरात 1842 मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने जी लख्ख सोनेरी लागर केली तिचेच पातळ, कारखानी वंशज 1960 नंतर इंग्लंडच्या पबमध्ये शिरले. 1976 चा उन्हाळा तिथे भयंकर कडक गेला, दुष्काळ पडला, आणि गार, फिकट बिअरची मागणी वाढली. 1980 चं दशक संपेपर्यंत तिथे विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये निम्म्याच्या आसपास लागरच होती. तरुण मंडळींना तपकिरी बिटर ही वडिलांची बिअर वाटायला लागली होती.

अशा कारखानी बिअरविरुद्ध उभी राहिलेली चळवळ होती कॅम्रा, म्हणजे कॅम्पेन फॉर रिअल एल. आयर्लंडच्या सहलीवर गेलेल्या चार मित्रांनी ती 1971 मध्ये सुरू केली. पिंपातच शेवटचं आंबवण पूर्ण होणारी, वरून वायू न भरलेली, तळघरातून हातपंपाने ओढून दिली जाणारी एल टिकली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. चळवळीने एल वाचवली, पण वाचलेली एल बहुतांशी तपकिरीच होती. लागरच्या ग्राहकाला तिच्याकडे ओढून आणायला आणखी काही हवं होतं.

ते काम लहान ब्रुअरींनी केलं. सॉमरसेटमधल्या विव्हलिस्कम गावात हॅनकॉक्सची जुनी ब्रुअरी कधीच बंद पडली होती. 1980 मध्ये त्या जागी एक छोटी ब्रुअरी सुरू झाली. तिचंच नाव पुढे एक्समूर एल्स झालं. 1986 मध्ये त्यांनी नुसत्या फिकट माल्टची एक सोनेरी एल काढली, एक्समूर गोल्ड. ती एकाच खेपेपुरती करायची होती, पण लोकांना इतकी आवडली की कायमची झाली. त्याच सुमारास सॉल्झबरी शहरात विंडम आर्म्स नावाच्या पबच्या तळघरात जॉन गिल्बर्ट हॉप बॅक ब्रुअरी चालवायला लागले. त्यांनी दशकाच्या शेवटी जी बिअर आणली तिने सोनेरी एलला घरोघर पोहोचवलं. तिचं नाव समर लाइटनिंग. पी. जी. वुडहाउस यांची याच नावाची कादंबरी 1929 सालची. नाव तिच्यावरून घेतलेलं. फिकट मॅरिस ऑटर माल्ट, ईस्ट केंट गोल्डिंग्ज या जुन्या इंग्लिश हॉप्सचा सुवास, आणि 5 टक्के अल्कोहोल. दिसायला लागर, चवीला एल. लागर पिणाऱ्याने रंग बघून ग्लास उचलावा आणि पहिल्या घोटात त्याच्या लक्षात यावं की इथे वासही आहे आणि चवही.

कायद्यानेही हात दिला. 1989 मध्ये ब्रिटिश सरकारने मोठ्या बिअर कंपन्यांची पबवरची पकड सैल करणारे आदेश काढले. त्यामुळे कंपनीच्या पबमध्ये बाहेरच्या ब्रुअरीची एक पिंपातली एल ठेवायची मुभा मिळाली. विव्हलिस्कम किंवा सॉल्झबरीसारख्या ठिकाणच्या छोट्या ब्रुअरीला लांबच्या शहरातलं गिऱ्हाईक मिळालं ते या दारातून. 2001 पासून कॅम्राच्या चँपियन बिअर ऑफ ब्रिटन स्पर्धेत सोनेरी एलसाठी वेगळा गट आला आणि त्याच वर्षी ओकम ब्रुअरीची 3.8 टक्क्यांची जेएचबी सर्व गटांत पहिली आली. नंतर 2005 आणि 2006 अशी सलग दोन वर्षं एसेक्समधल्या क्राउच व्हेलच्या ब्रुअर्स गोल्डने तेच पद मिळवलं. तिच्यात वापरलेल्या त्याच नावाच्या हॉप्सची गोष्ट मला फार आवडते. केंटमधल्या वाय कॉलेजात अर्नेस्ट सॅमन यांनी कॅनडातल्या मॅनिटोबाची रानटी हॉप वेल आणून तिच्यापासून नवं वाण तयार केलं आणि ते 1934 मध्ये बाहेर आलं. त्या काळच्या ब्रुअरांना त्याचा वास उग्र वाटायचा, म्हणून ते फक्त कडवटपणासाठी वापरलं जायचं. सत्तर वर्षांनी त्याच वासासाठी त्या बिअरला देशातलं पहिलं बक्षीस मिळालं.

विंडम आर्म्स आजही सॉल्झबरीत आहे. ब्रुअरी जवळच्या डाउनटन गावी हलली. पब कोपऱ्यावरचा, लहान. आत शिरल्यावर डोळ्यांत भरावं असं काही नाही. मी तिथे गेले ती जूनच्या अखेरची दुपार होती, बाहेर इंग्लंडच्या मानाने चांगलंच ऊन होतं. बारमागच्या बाईंनी हातपंपाची मूठ सावकाश ओढली, थांबल्या, पुन्हा ओढली. ग्लासात आधी ढवळलेलं, दुधट काहीतरी दिसलं. मग तळापासून वर असं ते निवळत गेलं आणि मिनिटभरात पलीकडच्या टेबलाची कड ग्लासातून स्पष्ट दिसायला लागली. फेस बोटभर, पांढरा, बारीक. ग्लास हाताला गार लागत होता, पण बोटं आखडतील असा नाही. तळघराचं तापमान 11 ते 13 अंशांच्या दरम्यान ठेवतात, एल तिथूनच येते. नाकाशी नेला तर आधी ताज्या पावाच्या आतल्या भागासारखा वास आला, मग त्यावरून लिंबाच्या पानासारखं, किंचित मातकट, किंचित फुलांचं काहीतरी. घोट घेतल्यावर बिस्किटासारखी पुसट गोडी जिभेच्या टोकाला आली आणि गिळता गिळता कडवटपणाने ती पुसून टाकली. तोंड कोरडं झालं आणि दुसरा घोट घ्यावासा वाटला. फेस खाली उतरताना प्रत्येक घोटामागे काचेवर एक वळं सोडत होता. ग्लास अर्धा झाला तेव्हा बिअरचा गारवा थोडा कमी झाला होता, आणि सुरुवातीला न जाणवलेला मधाचा वास आता कळत होता. गारठवलेल्या बाटलीच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. ती जसजशी कोमट होते तसतशी नकोशी होते.

चाखणं म्हणजे एवढंच. त्यासाठी खास नाक लागतं, खास भाषा लागते, असा समज वाइनमुळे पसरला आहे. बिअरवर गंभीरपणे लिहिणारे मायकल जॅक्सन (1942-2007, गायक नव्हे, इंग्लिश पत्रकार) यांनी 1977 च्या आपल्या 'वर्ल्ड गाइड टू बिअर'मध्ये जगभरच्या बिअरींची प्रकारवार मांडणी केली. आज आपण सोनेरी एल, स्टाउट, पिल्सनर असे प्रकार सहज बोलतो, त्यामागे त्यांचं मोठं काम आहे. त्यांचं लिखाण वाचताना मला नेहमी जाणवतं की ते बिअर पिण्याइतकंच ती करणाऱ्या माणसांकडे आणि गावांकडे बघत होते. या पुस्तकात मीही तोच प्रयत्न केला आहे. वास आणि चवींसाठी मात्र आपल्या घरातले शब्द वापरले आहेत. कडसर, तुरट, आंबूस, कुबट, खवट, खमंग हे शब्द आपण रोज वापरतो आणि त्यांच्यातले बारीक फरक आपल्याला नेमके कळतात. ज्या नाकाला तूर डाळ जुनी आहे की नवी हे डबा उघडताच कळतं, त्या नाकाला एलमधला दोष कळायला वेळ लागत नाही.

दोषांबद्दल थोडं इथेच सांगते, कारण फिकट एलमध्ये ते उघडे पडतात. लोण्याचा वास आला तर त्यामागे डायअॅसिटिल असतं. यीस्टचं काम पुरतं संपायच्या आत बिअर गार केली की ते मागे राहतं. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास आला तर उकळणं कमी पडलं असण्याची शक्यता जास्त. फिकट माल्टमध्ये या वासाचं मूळ असतं आणि तास-दीड तास खळखळून उकळल्यावर ते वाफेबरोबर निघून जातं. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर घाईने काढली. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर शिळी, हवा लागलेली. हा शेवटचा दोष आपल्याकडे सर्वांत जास्त भेटतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की शिळं होण्याचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. नागपूरला किंवा जळगावला मे महिन्यात दुकानाच्या मागच्या खोलीत पडून राहिलेल्या खोक्याचं काय होत असेल याचा अंदाज यावरून करावा. नंतर ती बाटली कितीही गार केली तरी गेलेली चव परत येत नाही.

आणखी एक दोष खास उन्हाळ्याच्या दुपारचा आहे. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर ऊन पडलं की त्यांच्यापासून एक गंधकयुक्त द्रव्य तयार होतं आणि बिअरला उग्र, कुजकट वास येतो. अमेरिकेत त्याला स्कंक या प्राण्याचा वास म्हणतात. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारसा अडवत नाही, पारदर्शक काच तर अजिबातच नाही. भर उन्हात टेबलावर ठेवलेल्या साध्या ग्लासातली एलसुद्धा काही मिनिटांत बिघडायला लागते. म्हणून दुपारी बाहेर बसायचं असेल तर सावलीत बसावं, ग्लास मोठा घेण्याऐवजी लहान घ्यावा, आणि बाटलीतून नळकांड्यासारखं तोंड लावून न पिता ग्लासात ओतून घ्यावं, कारण बाटलीच्या अरुंद तोंडातून नाकाला काहीच मिळत नाही. ग्लास तेलकट नसावा. चकण्याच्या बोटांनी ग्लासाची कड धरली की फेस बसलाच म्हणून समजा. तेलाचा अंशही फेसाला मारतो. मसाला शेंगदाणे, चकली, तळलेली मांदेली यांच्याशी सोनेरी एलचं छान जमतं, पण ते चाखून झाल्यावर. तिखटाने हॉप्सचा कडवटपणा चढतो आणि माल्टची नाजूक गोडी हरवते. पहिले चार-पाच घोट नुसते घ्यावेत.

ब्रुअरी आतून कशी चालते ते पुस्तकात सविस्तर येईल. इथे फक्त एका आकड्याकडे लक्ष वेधते. दळलेलं माल्ट गरम पाण्यात कालवून ठेवतात तेव्हा ब्रुअर तापमान 65 अंशांच्या आसपास राखतो की 69 च्या, यावर बिअरचा शेवट ठरतो. खालच्या तापमानाला जी साखर सुटते ती यीस्ट जवळजवळ सगळी खाऊन टाकतं आणि बिअर कोरडी होते. वरच्या तापमानाला सुटलेली बरीच साखर यीस्टला खाता येत नाही आणि बिअर भरीव, गोडसर राहते. सोनेरी एलला कोरडेपणा हवा असतो. तीन-चार अंशांचा हा फरक काळ्या बिअरमध्ये कोणाला कळणार नाही. इथे लगेच कळतो.

महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, डूलाली, 2009 मध्ये पुण्यात सुरू झाली. त्यानंतर पुण्यात, मुंबईत आणि गोव्यात लहान ब्रुअरी निघत गेल्या. आपल्याकडे धणे आणि संत्र्याची साल घातलेल्या बेल्जियन पद्धतीच्या आणि केळ्याच्या वासाच्या जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरी लगेच रुळल्या. सोनेरी एल किंवा तिची अमेरिकन बहीण ब्लाँड एल फलकावर असते, पण कोपऱ्यात. ती आपल्या हवेला आणि लहान ब्रुअरीच्या हिशोबाला किती सोयीची आहे याकडे मला लक्ष वेधायचं आहे. लागरला थंडगार टाकीत चार-सहा आठवडे मुरावं लागतं. सोनेरी एल दोन-तीन आठवड्यांत तयार होते, तेवढी टाकी मोकळी होते, वीज वाचते. आणि टाकीतून थेट ग्लासात येणारी ताजी एल पुण्याच्या माणसाला रिक्षाने जाऊन मिळू शकते. माल्ट आणि हॉप्स बव्हंशी परदेशातून येतात हे खरं. पण ताजेपणा आयात करता येत नाही, आणि तो इथे आपल्या हाताशी आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्या बाजारात सर्वांत जास्त खपते ती स्ट्राँग बिअर. 650 मिलीची 8 टक्क्यांची बाटली घेतली तर तिच्यात 52 मिली, म्हणजे सुमारे 41 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. 4 टक्क्यांच्या सोनेरी एलचा अख्खा इंग्लिश पिंट, म्हणजे 568 मिली, घेतला तरी ते 18 ग्रॅमच्या आसपास राहतं. फरक दुपटीहून मोठा आहे. तरीही 18 ग्रॅम म्हणजे शून्य नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की आरोग्याच्या दृष्टीने अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही. एल कितीही हलकी असली तरी ती तहान भागवत नाही. अल्कोहोलने लघवी वाढते आणि शरीरातलं पाणी कमी होतं. उन्हातून आल्यावर आधी दोन ग्लास पाणी प्यावं, दहा मिनिटं पंख्याखाली बसावं, आणि मग चाखायचंच असेल तर चाखावं. जे पीत नाहीत त्यांनी सुरू करावं असं या पुस्तकात कुठेही सुचवलेलं नाही. वयाची 21 वर्षं पूर्ण न झालेल्यांना तर महाराष्ट्रात कायद्यानेच बिअरची परवानगी नाही, आणि गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये.

मग लिहायचं कशाला, असं एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला विचारलं. बिअर पिणारा मराठी माणूस आज मोठ्या संख्येने आहे, आणि त्याला मराठीत जे वाचायला मिळतं त्यात एक तर दारूचे दुष्परिणाम असतात किंवा पार्टीचे किस्से. दुष्परिणामांचं लिखाण गरजेचं आहे, ते चालूच राहावं. पण जी गोष्ट माणूस तोंडात घालतो ती कशाची केली आहे, चांगली कशी ओळखायची, शिळी कशी ओळखायची, हे त्याला त्याच्या भाषेत कोणी सांगितलेलं नाही. चहाच्या पानांबद्दल, हापूस आणि पायरीच्या वासातल्या फरकाबद्दल आपण तासन्‌तास बोलतो. तेच लक्ष बिअरच्या वाट्याला आलं तर माणूस कमी पितो, असा माझा आजूबाजूला पाहिलेला अनुभव आहे. चव कळायला लागलेला माणूस तिसरी बाटली मागवण्याआधी विचार करतो, कारण दुसऱ्या ग्लासानंतर नाक थकतं आणि त्याला ते जाणवतं.

पुस्तकाची प्रकरणं सातूपासून सुरू होतात आणि ग्लासापर्यंत येतात. मधलं हॉप्सचं प्रकरण मोठं झालं आहे. ते कापावं असं संपादकांचं मत होतं, मी ऐकलं नाही. फिकट एलमध्ये हॉप्स ज्या बारकाईने काम करतात ते थोडक्यात सांगता येत नाही. कोलोनच्या कोल्शला आणि अमेरिकन ब्लाँडला एकेक छोटं प्रकरण दिलं आहे. या दोन्ही सोनेरी एलच्या नात्यातल्या, पण त्यांचा इतिहास वेगळा आहे.

वाचकांना एवढंच सांगते की हे पुस्तक वाचताना हातात पेला असायची गरज नाही. दोष ओळखण्याचं प्रकरण तर स्वयंपाकघरात बसूनच वाचावं: लोणी, उकडलेला मका, हिरवं सफरचंद आणि पाण्यात भिजवलेला पुठ्ठा समोर ठेवून डोळे मिटून एकेकाचा वास घ्यावा. ज्याला हे चार वास पाठ झाले त्याला कुठल्याही ब्रूपबमध्ये फसवणं अवघड आहे.

आणि महाराष्ट्रातल्या, गोव्यातल्या लहान ब्रुअरींच्या मालकांना माझी विनंती आहे. फलकावर बिअरच्या नावाशेजारी ती टाकीतून कधी काढली ती तारीख लिहा, माल्ट आणि हॉप्सची नावं लिहा, अल्कोहोलचं प्रमाण लिहा. सोनेरी एल तरी सात-आठ अंशांच्या खाली देऊ नका. आणि चाखायला येणाऱ्यासाठी 100 मिलीचा एक पेला ठेवा.